तीस लिटर पाणी कोणी ठेवायचं?

चुना, ॲसिड, कीटकनाशक, कॉस्टिक यांपैकी काहीही डोळ्यात उडालं, की त्या डोळ्याचं पुढे काय होणार हे बहुतेक वेळा दवाखान्याची पायरी चढण्याआधीच ठरलेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत डोळ्यावर पाणी पडलं का, आणि किती वेळ पडत राहिलं, यावर सगळं अवलंबून असतं. नंतर नेत्रतज्ज्ञ जळगावचा असो की मुंबईचा, तो उरलेलं सांभाळतो. यावर डॉक्टरांमध्ये दुमत नाही. तरी आपल्या खान्देशात असा अपघात झाला की मागण्या ठरलेल्या असतात: तालुक्याला नेत्रतज्ज्ञ द्या, रुग्णवाहिका वेळेवर पाठवा, घरच्यांना मदत द्या. तिन्ही रास्त आहेत. पण जिथे औषध कालवलं जातं, चुना विझवला जातो, तिथे पाण्याचा एक भरलेला जार का नव्हता, हे कोणी विचारत नाही.

आमचं म्हणणं असं की ते पाणी ठेवण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर तरी टाकली पाहिजे. ज्याने ते रसायन वापरायला माणूस कामाला लावला, त्याच्यावर. मजुराच्या ‘काळजी’वर ती सोडून चालणार नाही.

तीस लिटर हा आकडा कुठून आला, ते आधी बघू. मोठ्या कारखान्यांत डोळे धुण्यासाठी जे फवारे बसवतात, त्यांचं अमेरिकेतलं मानक सांगतं की मिनिटाला किमान दीड लिटर पाणी सलग 15 मिनिटं मिळालं पाहिजे आणि कामाच्या जागेवरून तिथे 10 सेकंदांत पोचता आलं पाहिजे. चुना किंवा कॉस्टिक असेल तर 15 मिनिटं पुरत नाहीत, अर्ध्या तासापर्यंत धुवावं लागतं. मधलं धरून 20 मिनिटं म्हटलं तरी तीस लिटर होतात. म्हणजे दोन हंडे, किंवा 20 लिटरचा दीड जार. प्रत्यक्षात काय होतं? बाटलीतलं अर्धा लिटर पाणी चुळकाचुळकाने डोळ्यावर मारतात, ‘धुतला बरं का’ म्हणतात आणि मोटरसायकलला किक मारतात.

आता ॲसिड आणि चुना यांतलं जास्त वाईट कोणतं? दहापैकी नऊ जण ॲसिड म्हणतील. ॲसिडच्या बाटलीला आपण भितो. चुन्याची डबी मात्र खिशात असते. डोळ्याच्या बाबतीत हे उलटं आहे. बहुतेक ॲसिडं कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठवतात. तो गोठलेला थर पुढच्या ॲसिडला काही प्रमाणात आडवा येतो. चुना, कॉस्टिक सोडा, अमोनिया ही अल्कली मंडळी पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करून टाकतात आणि थरामागून थर ओलांडत आत उतरतात. अमोनियाला डोळ्याच्या आतल्या पाण्यापर्यंत पोचायला मिनिटभरही लागत नाही, कॉस्टिकला तीन ते पाच मिनिटं पुरतात. आत गेलेली अल्कली मोतीबिंदू करते, डोळ्याचा दाब वाढवते, आणि हे नुकसान पुढे कित्येक महिने उलगडत राहतं.

इथे एक फसगत होते आणि ती फार महाग पडते. अल्कली गेलेला डोळा कधीकधी लाल न दिसता पांढराशुभ्र दिसतो. घरच्यांना हायसं वाटतं. खरं तर लाल डोळ्यात रक्त फिरतं आहे, त्यात बरं होण्याची ताकद शिल्लक आहे. पांढऱ्या डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या जळून बंद पडलेल्या असू शकतात. बुबुळाच्या कडेला, काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या रेषेवर, कॉर्नियाला जन्मभर नवं आवरण पुरवणाऱ्या मूळपेशी असतात. ती कड पांढरी पडली असेल तर इजा सर्वांत गंभीर वर्गातली समजतात. आणि ‘नेत्रदानातून आलेलं बुबुळ बसवू’ हा दिलासाही अशा वेळी खोटा ठरतो, कारण कडेच्या मूळपेशी गेल्या असतील तर नवं बुबुळ टिकत नाही. आधी मूळपेशींचं रोपण करावं लागतं, ते मोजक्या मोठ्या संस्थांत होतं, आणि त्यासाठी वर्ष-दोन वर्षं फेऱ्या घालायची ताकद किती घरांत असते?

खान्देशात हे धोके कुठे कुठे आहेत, ते जरा फिरून बघावं लागेल. कारण ‘केमिकल’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एमआयडीसी येते आणि निम्मं चित्र तिथेच निसटतं.

रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपड्याकडची केळी घ्या. कापसावर फवारताना नोझल कमरेच्या-छातीच्या उंचीवर असतो. केळीच्या घडावर फवारायचं किंवा कमळात, म्हणजे केळफुलात, सुईने औषध द्यायचं म्हणजे मान वर, डोळे वर आणि औषध डोक्यावर. वारा नसला तरी थेंब सरळ तोंडावर येतात. त्यात नोझल चोंदला की पंपातला दाब न सोडताच तो उघडतात, काही जण तोंडाने फुंकतात, आणि अडकलेलं औषध एकदम उसळतं. त्याहून वाईट क्षण औषध कालवतानाचा. फवाऱ्यातलं औषध पाण्यात पातळ झालेलं असतं. बाटलीतलं मूळ औषध विद्रावकासकट, पूर्ण तीव्रतेचं असतं. झाकणाने मापताना, सील चाकूने फोडताना उडालेला एक थेंब त्या दिवसाच्या सगळ्या फवारणीपेक्षा भारी पडू शकतो. शिवाय कीटकनाशक डोळ्यातूनही अंगात भिनतं. मळमळ, घाम, तोंडाला पाणी सुटणं, छाती भरून येणं असं काही दिसलं तर तो आता डोळ्यापुरता प्रश्न राहिला नाही.

ठिबकचं ॲसिड हा तर आपला घरचाच विषय. बोअरच्या जड पाण्याने ड्रिपर चुनखडीने बुजतात, म्हणून वर्षातून एक-दोनदा नळ्यांतून ॲसिड सोडतात. शेवटच्या ड्रिपरपाशी पाण्याचा पीएच (7 म्हणजे मध्यम, त्याखाली ॲसिड, वर अल्कली) 4 पर्यंत उतरला का, हे पीएचच्या पट्टीने बघतात. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण 35 लिटरचा कॅन तिरपा करून बादलीत ओतताना तो ‘गुडुप’ करून हवा ओढतो आणि धार फेकतो, तेव्हा तोंड कॅनच्या अगदी वर असतं. कॅन जमिनीवर आडवा ठेवून, तोंड वरच्या बाजूला राहील असा कलवला तर हवा आत जायला वाट राहते आणि धार सरळ पडते. इतकी साधी गोष्ट कॅनवर छापलेली नसते.

मग चुना. लिंबू-डाळिंबाच्या बागेत बोर्डो मिश्रण करतात: एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. त्यासाठी कळीचा चुना विझवताना तो उकळतो आणि त्याचे शिंतोडे उडतात. घरातल्या चुन्याची गोष्ट आणखी वाईट, कारण तिथे बळी लहान मूल असतं. तंबाखूच्या चुन्याची ती मऊ प्लॅस्टिकची पुडी किंवा ट्यूब मुलाच्या हाती लागते, ते दोन्ही हातांनी दाबतं, पुडी फुटते आणि पेस्ट थेट डोळ्यात. जवळून दाबलेली पेस्ट बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत जाते आणि पापणीखाली चिकटून बसते. दिल्लीच्या एम्समधल्या नेत्रतज्ज्ञांनी 2003 मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून या पुड्यांबद्दल जगाला सावध केलं होतं. पुड्या आजही पानटपरीवर लटकलेल्या आहेत.

2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ‘कार्बाईड गन’ने कित्येक मुलांचे डोळे भाजले. तो प्रदेश आपल्याला लांबचा नाही, रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर. पाईप, लायटर आणि कार्बाईडचे खडे एवढ्यावर ती बंदूक होते. माकडं-पाखरं हाकलायलाही वापरतात. कार्बाईडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे उरतो तो चुनाच. म्हणजे भाजणं आणि अल्कली, दोन्ही एकदम. फळं पिकवायला कार्बाईड वापरण्यावर बंदी आहे. तरी ते बाजारात मिळतं कसं, याचं उत्तर अन्न व औषध प्रशासनाने द्यावं.

सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीतला तेजाब, ई-रिक्षाच्या बॅटरीचं पाणी, बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया, बचत गटाच्या शेडमध्ये द्रव साबणासाठी पाण्यात टाकलेले कॉस्टिकचे फ्लेक्स, थंड पेयाच्या बाटलीत भरून दारोदार विकलं जाणारं संडास साफ करायचं ॲसिड: यादी लांबवता येईल. दोन झाडांची नावं मात्र घ्यायलाच हवीत. शनिवारी मारुतीला वाहायला रुईची पानं तोडताना आणि बांधावरचं शेराचं कुंपण छाटताना चीक उडतो. रुईच्या चिकाने सुरुवातीला फारसं दुखत नाही, काही तासांनी नजर धुरकट होते. दुखत नाही म्हणून कोणी धूत नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर डोळ्यांची जी आग होते ती भयंकर वाटते, पण ती बहुधा धुतल्यावर निवते, कायमची इजा फार क्वचित. दुखण्यावरून धोका मोजू नये, एवढं यातून घ्यावं.

आता धुवायचं कसं. ‘डोळे स्वच्छ पाण्याने धुवा’ हे वाक्य औषधाच्या प्रत्येक माहितीपत्रकावर आहे आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही.

माणूस डोळा घट्ट मिटून घेतो. तो मिटलेलाच राहणार, इच्छा असली तरी उघडणार नाही. म्हणून धुणारा दुसरा माणूस हवा. एकटा माणूस असेल तर त्याने नळाखाली किंवा घमेल्यात डोकं धरून स्वतःच्या बोटांनी पापण्या फाकवायच्या, पण ते अर्धवटच होतं. इजा झालेल्याला बाजेवर किंवा बांधावर आडवं करा आणि इजेचा डोळा खालच्या बाजूला येईल असं तोंड वळवा. नाहीतर धुतलेलं रसायन नाकावरून वाहत चांगल्या डोळ्यात जातं, आणि हे अगदी नेहमी घडतं. कोरड्या फडक्याने बोटं पुसून एक बोट भुवईखालच्या हाडावर, दुसरं गालाच्या हाडावर टेकवा आणि पापण्या फाकवा. बुबुळावर दाब नको. तांब्याने पाणी नाकाकडच्या कोपऱ्यात सोडा, ते कानाकडे वाहू द्या. धार बोटभर जाड, वीतभर उंचीवरून, संथ. मोटारीच्या पाईपची जोरदार धार नको. फवारणीच्या पंपात पाणी भरून तर कधीच नाही. कितीही विसळला तरी त्याच्या टाकीत आणि नळीत औषध असतंच. ठिबकची नळी तोडून धुणाऱ्याने आधी व्हेंचुरी, म्हणजे नळीत खत ओढणारं साधन, बंद आहे का ते बघावं, नाहीतर खताचं पाणी डोळ्यात जाईल.

धुता धुता त्याला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगत राहा. डोळा फिरल्याशिवाय पापण्यांच्या आतल्या खोबणीत पाणी पोचत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुणं चालू ठेवूनच काढा, ती काढण्यासाठी थांबू नका. औषधाने भिजलेला सदरा, टोपी, रुमाल त्याच वेळी उतरवा, केसांतून ओघळणारं पाणी पुन्हा डोळ्यातच येतं. मूल असेल तर हात आत घेऊन चादरीत गच्च गुंडाळा, एकाने डोकं धरा, दुसऱ्याने पाणी घाला. ते आकांत करेल. थांबायचं नाही. वीस मिनिटं हा काळ रडणाऱ्या लेकरासमोर फार लांब वाटतो, म्हणून अंदाजावर न राहता मोबाईलमध्ये वेळ लावा.

चुना असेल तर पाच-सात मिनिटं धुतल्यावर पापणी उलटून बघावी लागते. त्याला पायांकडे बघायला सांगायचं, वरच्या पापणीचे केस चिमटीत धरून ती किंचित पुढे ओढायची, कापूस गुंडाळलेली काडी पापणीवर मधोमध आडवी टेकवायची आणि तिच्यावरून पापणी वर उलटायची. आत गुलाबी अस्तरावर पांढरे कण किंवा चिकटलेला लेप दिसेल. ओल्या कापसाच्या काडीने तो हलक्या हाताने पुसून घ्या आणि पुन्हा धुवायला लागा. हा कण राहिला तर वरून शंभर लिटर पाणी घातलं तरी तो आतून चुना सोडत राहतो. ज्यांना पापणी उलटणं जमत नाही त्यांनी त्यात वेळ घालवू नये, धुणं चालू ठेवावं. पण आशा ताई, परिचारिका, बागेतला मुकादम यांना हे तासाभरात शिकवता येतं.

झालं का, हे कसं कळणार? इथे ठिबकची ती पीएचची पट्टी कामाला येते. धुणं थांबवून पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि पट्टीचं टोक खालच्या पापणीच्या आतल्या ओलाव्याला लावायचं. साधारण 7 ते साडेसात आलं तर ठीक. लगेच लावली तर पट्टी डोळ्याऐवजी धुतलेल्या पाण्याचा पीएच सांगते, म्हणून ती थांबण्याची वेळ. थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. आकडा परत 8-9 कडे चढत असेल तर कण कुठेतरी शिल्लक आहे. मात्र वीस मिनिटं पुरी होण्याआधी पट्टी शोधायला कोणी पळू नये.

यानंतर गाडी. 108 ला फोन धुणं सुरू असतानाच दुसऱ्याने करायचा, आणि गाडीतही पाणी चालूच ठेवायचं. सोबत औषधाची बाटली किंवा तिचा फोटो न्यायचा. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधायची नाही. मेडिकलमधून आणलेला ‘लाल डोळ्याचा ड्रॉप’ टाकायचा नाही. त्यात स्टेरॉइड असू शकतं आणि ते कधी, किती दिवस द्यायचं हे नेत्रतज्ज्ञच ठरवतो. दवाखान्यात डोळा बधिर करणारे थेंब टाकतात तेव्हा रुग्णाला एकदम बरं वाटतं आणि तो तेच घरी मागतो. ते देऊ नयेत, वारंवार टाकल्यास त्यांनीच बुबुळाला जखम होते.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: शेतातल्या विहिरीच्या, पाटाच्या पाण्याने डोळा पिकेल. पिकू शकतो. त्यावर थेंब आहेत, उपचार आहेत. अल्कलीने जळलेल्या कडेला उपचार शोधावे लागतात. पिण्याचं पाणी असेल तर तेच, नसेल तर विहिरीचं, तेही नसेल तर पाटाचं. सलाईनची बाटली मिळेपर्यंत थांबणं हा शुद्ध तोटा आहे.

दुसरा जास्त जुना आहे: चुन्यावर पाणी टाकलं तर तो उकळेल. कळीच्या चुन्याबाबत त्यात तथ्य आहे, म्हणून कोरडे खडे-भुकटी आधी फडक्याच्या टोकाने झटकून घ्यायची. त्याला काही सेकंद लागावेत. पुढे भरपूर पाणी ती उष्णता वाहून नेतं. धोका असतो तो दोन थेंब पाण्याचा. तंबाखूचा चुना तर विझवलेलाच असतो, त्याला उकळी येण्याचा प्रश्नच नाही. या भीतीपोटी लोक तूप, एरंडेल, दूध, गुलाबपाणी, मध घालतात. तूप-तेल चुन्याला पापणीखाली बसवून ठेवतं. ‘चुन्यावर लिंबू, ॲसिडवर सोडा’ हा शाळेतल्या प्रयोगाचा उतारा डोळ्यात करणाऱ्याला मात्र आवरलं पाहिजे: त्या क्रियेत उष्णता निघते आणि एका रसायनाच्या जागी दोन होतात.

तिसरा आक्षेप मालकांचा. ‘गॉगल दिला होता, घातला नाही.’ ऑगस्टच्या दमट उकाड्यात पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन चालणाऱ्याचा गॉगल पाच मिनिटांत धुक्याने भरतो, आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी सरीतून चालता येत नाही. बाजूने हवा खेळती राहणारी, कपाळाला पट्टा असणारी पारदर्शक तोंडढाल त्यापेक्षा सुसह्य असते. औषध कालवताना आणि ॲसिड ओतताना मात्र ढालीखाली नीट बसणारा गॉगल हवाच, आणि त्या पाच मिनिटांपुरता तो सहज सोसतो. पण ढाल असो की गॉगल, ते पाण्याची जागा घेत नाहीत.

चौथा आक्षेप मात्र खरोखर अडचणीचा आहे: एप्रिल-मेमध्ये पाणी आणायचं कुठून? ज्या गावात नळ आठवड्याने येतो तिथे तीस लिटर बाजूला काढून ठेवणं सोपं नाही. मान्य. पण फवारणीला शंभर-दोनशे लिटर पाणी लागतंच, ते बांधावर आलेलंच असतं. त्यातलं तीस लिटर औषध कालवण्याआधी वेगळ्या, स्वच्छ जारमध्ये भरून, वर ‘डोळ्यासाठी’ लिहून ठेवायचं आहे. जार सावलीत हवा. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात काळ्या पाईपातलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते तसंच डोळ्यावर सोडलं तर वेगळीच इजा. नळाला, पाईपला आधी पाणी सोडून गार होऊ द्यायचं.

मग हे सक्तीचं का हवं? कारण सरकार नंतर पैसे मोजतंच आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक डोळा निकामी झाला तर एक लाख, दोन्ही गेले तर दोन लाख रुपये मिळतात. तेही खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. फवारणी बहुतेकदा ज्याच्या पाठीवर असते तो भूमिहीन मजूर, सातपुड्यातून उतरलेला पावरा किंवा भिल्ल गडी, त्यात नाही. आधी 1923 च्या भरपाई कायद्याच्या आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात एका डोळ्याची नजर गेली तर कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली असं धरतात; पण रोजंदारीवर आलेल्या मजुराने कोणत्या कागदावर मालक सिद्ध करायचा? नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या संहितेत ‘कारखाना’ म्हणजे वीज वापरत असेल तर 20 आणि नसेल तर 40 कामगार. सराफाच्या मागच्या खोलीतले तीन कारागीर आणि बचत गटाच्या आठ बाया या व्याख्येच्या बाहेरच राहतात. अपघात होतात ते नेमके इथे.

म्हणून सक्ती रसायनाला चिकटलेली हवी, कामगारांच्या संख्येला नको. जिथे लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचं, म्हणजे जास्त विषारी, कीटकनाशक, ॲसिड, कॉस्टिक किंवा कळीचा चुना मजुरीवर हाताळला जातो, तिथे तीस लिटर पाणी, तांब्या आणि धुवायला दुसरा माणूस. फवारणीवर एकटा मजूर पाठवायचा नाही. हे तपासणार कोण, असं विचारलं जाईल. प्रत्येक बांधावर निरीक्षक उभा राहणार नाही, हे उघड आहे. पण जबाबदारी लिहिलेली असली की भरपाईच्या वेळी ‘पाणी ठेवलं होतं का’ हा प्रश्न विचारता येतो. आज तो विचारताच येत नाही.

विक्रीच्या टोकाला काम जास्त सोपं आहे. कृषी सेवा केंद्रवाल्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेचा वर्षभराचा ‘देसी’ पदविका अभ्यासक्रम आहे. त्यात एक तास डोळा धुण्याच्या प्रात्यक्षिकाला द्यावा, पुस्तकी न ठेवता बादली-तांब्या घेऊन. ठिबकचं ॲसिड विकताना कॅनसोबत पीएचच्या पट्ट्यांची वही आणि गॉगल दिल्याशिवाय बिल फाडू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर नोंदवही आणि ओळखपत्राची अट घातली, ती हल्ले रोखण्यासाठी. त्याच नोंदवहीच्या पानावर अपघाताची सूचना छापायला कोणाची हरकत असणार? चुन्याची दाबायची पुडी तर सरळ बंद करावी. चुना घट्ट झाकणाच्या टणक डबीत विकता येतो, पूर्वी तसाच मिळायचा. तंबाखूवाल्यांची गैरसोय होईल. होऊ द्या.

आरोग्य खात्याकडे मागणं छोटं आहे, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या दृष्टीने सर्वांत निकडीचं. मोलगीच्या बाजूने नंदुरबार गाठायला घाट उतरून दोन तास सहज जातात. तिथल्या उपकेंद्रात नेत्रतज्ज्ञ मिळणार नाही. सलाईनच्या चार बाटल्या, आयव्ही सेट, बधिर करणारे थेंब, कापसाच्या काड्या आणि पीएचची पट्टी मिळू शकते. पट्टी नसेल तर लघवी तपासायच्या दहा चाचण्यांच्या स्टिकवरचा पीएचचा चौकोन कापून वापरता येतो. सेटच्या नळीचं टोक कोपऱ्याशी धरून दोन बाटल्या पूर्ण सोडायच्या, पट्टी बघायची, गरज पडली तर पुढच्या दोन, आणि मगच रेफर चिठ्ठी लिहायची. त्या चिठ्ठीवर किती वाजता इजा झाली, किती वाजता धुणं सुरू झालं आणि शेवटचा पीएच किती, अशा तीन ओळींचा रकाना छापलेला असावा. तो भरायचा म्हटला की धुवावं लागतं, आणि जिल्ह्यात किती डोळे न धुता घाट उतरून येतात हेही वर्षाअखेरीस पहिल्यांदा मोजता येईल.